खड्डा कुणाच्या हद्दीत? रस्ता दुरुस्तीची जबाबदारी शोधायची कशी

खड्ड्याची तक्रार घेऊन सरकारी कार्यालयात गेलं की पहिलं वाक्य कानावर येतं, ‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही.’ ही दर वेळी टोलवाटोलवीच असते असं नाही. बऱ्याचदा तो रस्ता खरोखरच त्या कार्यालयाकडे नसतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम तालुक्यातले नुसते डांबरी रस्ते बघितले, तरी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, त्याच विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा, जिल्हा परिषद, ग्रामसडक योजनेचं कार्यालय, नगरपरिषद, ग्रामपंचायत, जलसंपदा आणि एमआयडीसी एवढ्या यंत्रणा निघू शकतात. दहा किलोमीटरच्या प्रवासात त्यांतल्या तीन-चार पालटतात आणि गाडी चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

गोंधळाचं मोठं कारण म्हणजे तीन वेगळ्या गोष्टींची आपण सरमिसळ करतो. रस्त्याला पैसा कुणी दिला, काम कुणी करून घेतलं, आणि रस्ता कुणाच्या ताब्यात आहे. चौकातल्या फलकावर ‘आमदार स्थानिक विकास निधीतून’ असं ठळक लिहिलेलं असतं, म्हणून लोक आमदाराच्या कार्यालयात जातात. काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने करून घेतलेलं असतं, म्हणून काही जण तिकडे जातात. रस्ता मात्र गावठाणातला, म्हणजे ग्रामपंचायतीचा असतो. निधी एकदाच येतो आणि संपतो. काम करून घेणारी यंत्रणा बिल अदा झाल्यावर बाजूला होते. त्यानंतर खड्डे बुजवायचे ते ज्याच्या ताब्यात रस्ता आहे त्याने. ठेकेदाराची हमीची मुदत चालू असेल तर खर्च ठेकेदाराचा, पण त्याच्याकडून काम करवून घेणं पुन्हा त्या ताबेदाराच्याच गळ्यात. त्यामुळे शोधायचा तो ताबेदार, फलकावरचं नाव नव्हे.

आधी वर्ग ओळखा

शहराबाहेरच्या रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग, मग प्रमुख राज्यमार्ग आणि राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. सरकारी कागदांत त्यांची प्ररामा, रामा, प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा अशी आद्याक्षरं येतात आणि प्रत्येकापुढे एक क्रमांक असतो. सर्वसाधारण वाटणी सोपी आहे. प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रजिमा या शब्दातल्या ‘जिल्हा’मुळे लोक हमखास जिल्हा परिषदेत जातात आणि तिथून परत पाठवले जातात.

वर्ग ओळखायची पहिली खूण रस्त्याकडेला उभी असते. किलोमीटरच्या दगडाचा वरचा अर्धगोल पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. जिल्हा मार्गांचे दगड पांढरे किंवा काळ्या पट्ट्याचे दिसतात, ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर केशरी रंग आढळतो. मात्र रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. रस्त्याचा दर्जा वाढला तरी जुने दगड वर्षानुवर्षं तसेच राहतात, आणि रंगकाम करणारा कधी हाताशी असलेला डबा वापरून मोकळा होतो. खात्री हवी असेल तर तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक बांधकाम उपविभागात किंवा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जावं. जिल्ह्याचा रस्ते नकाशा आणि रस्त्यांची क्रमांकवार यादी तिथे असते. वापरात असलेले बरेच क्रमांक २००१–२०२१ च्या रस्ते विकास योजनेतले आहेत, म्हणून त्या योजनेची यादी मागितली की कर्मचाऱ्यालाही नेमकं काय हवं ते कळतं.

दगडाचा खरा उपयोग पुढे आहे. दोन किलोमीटर दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात आणि त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. बारा किलोमीटरच्या दगडानंतर ४ लिहिलेला छोटा दगड आला की ती जागा किमी १२/४००. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका, सगळे कागद याच भाषेत लिहिलेले असतात. ‘पाटलांच्या विहिरीजवळचा खड्डा’ लिहिलं तर कनिष्ठ अभियंत्याला तो कुठल्या कामात बसतो हे शोधत बसावं लागतं. ‘किमी १२/४०० ते १२/६००, डावी बाजू’ लिहिलं तर त्या तुकड्याचा ठेकेदार कोण आणि त्याची मुदत कधीपर्यंत हे त्याला टेबलावरच दिसतं. डावी-उजवी ठरवायची ती किलोमीटर वाढत जातात त्या दिशेला तोंड करून.

दर्जोन्नतीत अडकलेले रस्ते

सगळ्यात जास्त दुर्लक्षित रस्ते कुठले, तर दोन कार्यालयांच्या मधले. जिल्हा परिषदेच्या रस्त्याची दर्जोन्नती होऊन तो प्रजिमा झाला असा शासन निर्णय निघतो. त्या दिवसापासून जिल्हा परिषद त्यावर पैसा टाकायचं थांबवते. बांधकाम विभाग म्हणतो, प्रत्यक्ष ताबा अजून आलेला नाही, त्यामुळे आमच्या देखभालीच्या यादीत तो नाही. एक-दोन पावसाळे असेच जातात. अशा वेळी दोन्हीकडे एकच कागद मागावा, ताबा दिल्या-घेतल्याचं पत्र. ते असेल तर वाद तिथेच मिटतो. नसेल तर शासन निर्णयाची प्रत जोडून दोन्ही कार्यकारी अभियंत्यांना एकच अर्ज करावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. एका अर्जावर दोघांची नावं असली की ‘तिकडे जा’ म्हणणं अवघड होतं.

बाह्यवळण रस्ता झाल्यावर असाच पेच पडतो. महामार्ग गावाबाहेरून गेला की गावातला जुना तुकडा केंद्राला नको असतो. तो राज्याकडे किंवा नगरपालिकेकडे देण्याआधी एकवेळची सुधारणा करून द्यायची अशी पद्धत आहे. ती सुधारणा होईपर्यंत घेणारा घेत नाही, आणि देणारा दिला असं समजून लक्ष काढून घेतो. इथेही हस्तांतरणाचं पत्र आणि एकवेळच्या सुधारणेचा कार्यारंभ आदेश हे दोन कागद निर्णायक.

शहरांची हद्दवाढ हा याचाच आणखी एक प्रकार. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. कालपर्यंत ग्रामपंचायतीचे आणि जिल्हा परिषदेचे असलेले रस्ते महापालिकेचे झाले. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं नंतर बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे काही वर्षांत त्याच रस्त्याचे तीन कारभारी. अशा भागात जुनी तक्रार, जुना ठराव, जुन्या ठेकेदाराचं नाव, काहीच गृहीत धरू नये.

महामार्ग म्हणजे प्राधिकरणच, असं नाही

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ५ प्रमाणे राष्ट्रीय महामार्ग सुस्थितीत ठेवणं ही केंद्र सरकारची जबाबदारी. पण केंद्र ती मुख्यतः दोन हातांनी पार पाडतं. काही लांबी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असते, काही लांबी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे, आणि तिला पैसा दिल्लीतून येतो. मुंबई–गोवा महामार्ग हे याचं सर्वांत परिचित उदाहरण. पनवेलजवळच्या पळस्प्यापासून रायगडातल्या इंदापूरपर्यंतचे सुमारे ८४ किलोमीटर प्राधिकरणाकडे. इंदापूरपासून पुढे सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचं काम राज्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. पत्रादेवीला हद्द ओलांडली की गोव्याचं सार्वजनिक बांधकाम खातं. क्रमांक एकच, ६६. वडखळच्या खड्ड्याची तक्रार आणि संगमेश्वरच्या खड्ड्याची तक्रार मात्र वेगवेगळ्या कार्यालयांत जाते. (हे इंदापूर माणगाव तालुक्यातलं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे. अर्जात जिल्हा लिहायला विसरू नये.)

क्रमांकाचीही एक गोम आहे. देशभरातल्या महामार्गांचं पुनर्क्रमांकन २०१० मध्ये झालं. जुना १७ आता ६६, पुण्याकडून साताऱ्याला जाणारा जुना ४ आता ४८, पुणे–नाशिकचा जुना ५० आता ६०. लोकांच्या तोंडी जुनेच आकडे आहेत. अर्जात दोन्ही लिहिले तर बिघडत नाही.

प्राधिकरणाकडचा रस्ता असेल तर १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. टोल असलेल्या बहुतेक रस्त्यांवर देखभाल सवलतदार कंपनीने, म्हणजे रस्ता चालवण्याचा करार घेतलेल्या कंपनीने, करायची असते आणि तिच्यावर देखरेख प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकाची. टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काही साधत नाही, त्याच्या हातात फक्त पावती असते. अर्ज प्रकल्प संचालकाच्या नावे करावा, त्याचं कार्यालय कुठे आहे ते टोलनाक्यावरच्या फलकावर असतं. टोल आणि रस्त्याची अवस्था यांचा संबंध न्यायालयांनीही जोडला आहे. केरळातल्या पालियेक्कर नाक्यावरची वसुली तिथल्या उच्च न्यायालयाने थांबवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि वांद्रे–वरळी सागरी सेतू यांचा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाशी संबंध नाही. ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे. अटल सेतू एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), तर मुंबईचा किनारी रस्ता महापालिकेचा. मुंबईतल्या पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांचा प्रवास तर बघण्यासारखा आहे. आधी सार्वजनिक बांधकाम विभाग, मग एमएमआरडीए, आणि २०२२ च्या निर्णयानंतर महापालिका. सायन–पनवेल मार्ग मात्र अजून सार्वजनिक बांधकाम विभागाचाच, नवी मुंबईतून जात असला तरी. पिंपरी-चिंचवडमध्ये दापोडी ते निगडी हा जुना महामार्ग महापालिकेकडे आहे, आणि जवळूनच जाणारा कात्रज–देहूरोड बाह्यवळण प्राधिकरणाकडे.

शहरात हद्दीपेक्षा खोदाई महत्त्वाची

महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीतले सार्वजनिक रस्ते सुस्थितीत ठेवणं हे त्यांचं बंधनकारक कर्तव्य आहे. मुंबईसाठी ते १८८८ च्या अधिनियमात आहे, बाकी महापालिकांसाठी १९४९ च्या आणि नगरपरिषदांसाठी १९६५ च्या. ‘निधी नाही’ हे उत्तर म्हणून कायद्यात बसत नाही. अपवाद असतात ते शहरातल्या बेटांचे. कटक मंडळाचा (कॅन्टोन्मेंटचा) भाग, बंदर प्राधिकरणाचे रस्ते, एमआयडीसीची वसाहत, सिडकोने अजून हस्तांतरित न केलेलं क्षेत्र, म्हाडाची वसाहत. नव्या गृहप्रकल्पातला आतला रस्ता विकसकाने पालिकेकडे सोपवल्याचं पत्र नसेल तर तो विकसकाच्या किंवा सोसायटीच्याच खात्यावर राहतो, मग त्यावरून शहर बस धावो की कचऱ्याची गाडी.

मेट्रो किंवा उड्डाणपुलाचं काम चालू असेल तर अडथळ्यांच्या आतला आणि लगतचा पट्टा सहसा काम संपेपर्यंत त्या यंत्रणेकडे दिलेला असतो. तो पट्टा कुठून कुठपर्यंत, हे पालिकेच्या पथ विभागाने वाहतूक पोलिसांच्या ना-हरकतीसह दिलेल्या परवानगीत असतं.

शहरातल्या खड्ड्यांचा मोठा वाटा मात्र चरांचा. वीज, गॅस, पाणी, केबल यांसाठी रस्ता खोदला जातो. परवाना देताना पालिका पुनर्भरणाचं शुल्क आगाऊ घेते. म्हणजे चर बुजवून डांबर करायचे पैसे पालिकेच्या तिजोरीत आलेले असतात. ‘गॅस कंपनीने खोदलंय, त्यांना सांगा’ हे उत्तर म्हणूनच चुकीचं. चर का खचतो हेही समजून घेण्यासारखं आहे. मीटरभर खोल चर खोदून निघालेली माती एकदम लोटली आणि वरून धुमस मारला, तर दाब फक्त वरच्या वीतभर थराला लागतो. खालची माती सैलच राहते, पहिल्या पावसात बसते, आणि वरचं डांबर आधाराविना लोंबकळून तुटतं. चर थराथराने भरून प्रत्येक थर दाबला तरच टिकतो. चर असेल तर तक्रारीत ‘खड्डा’ न लिहिता ‘खचलेला चर’ लिहावं आणि खोदाई परवान्याचा क्रमांक मागावा.

चेंबरची झाकणंही अशीच. तुटलेलं झाकण मलनिःसारणाचं, पावसाळी गटाराचं, विजेचं की दूरध्वनीचं, हे झाकणावर कोरलेल्या अक्षरांवरून बहुतेक वेळा कळतं. फोटो काढताना ती अक्षरं दिसतील असा काढावा.

गावातले, शेतातले, पाटावरचे

गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीचे. गावाला जोडणारा रस्ता जिल्हा परिषदेचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं त्याची देखभाल मूळ ठेकेदाराने करायची, आणि हे पाच वर्षांचे पैसे करारातच असतात. या योजनेचा फलक वाचण्यासारखा असतो. रस्त्याची लांबी, पॅकेज क्रमांक, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पहिल्या ते पाचव्या वर्षाच्या देखभालीची रक्कम, सगळं त्यावर असतं. त्याचा फोटो हाच निम्मा पुरावा. तक्रार ‘मेरी सडक’ ॲपवर करता येते. पाच वर्षं संपली की रस्ता जिल्हा परिषदेच्या नेहमीच्या देखभालीत येतो.

पाटाच्या कडेचा रस्ता जलसंपदा विभागाचा. तो मुळात कालव्याच्या पाहणीसाठी केलेला असतो, जड वाहतुकीसाठी नव्हे, आणि ऊसाच्या ट्रॅक्टरांनी तो फुटतो. जंगलातला रस्ता वन विभागाचा. रेल्वे फाटकात दोन्ही दरवाजांच्या मधला रस्ता रेल्वेचा, दरवाजाच्या बाहेरचा रस्त्याच्या ताबेदाराचा. पाणंद आणि शिवरस्त्यांचा विषय महसूल खात्याकडे जातो. वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण ते अडथळा काढण्यासाठी, खडी टाकून घेण्यासाठी नाही.

दोष दायित्व कालावधी

रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या निविदेत एक मुदत लिहिलेली असते. काम पूर्ण झाल्यापासून तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने नीट करायचा. यालाच दोष दायित्व कालावधी म्हणतात. तो कामाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. नुसत्या डांबरी थराला कमी, काँक्रीटला जास्त. मुंबई महापालिकेच्या अलीकडच्या काँक्रीट रस्त्यांच्या निविदांत तो १० वर्षांचा आहे. ठेकेदाराची सुरक्षा ठेव या काळात कार्यालयाकडे अडकलेली असते. त्याने दुरुस्ती केली नाही तर कार्यालयाने दुसऱ्याकडून करून घ्यायची आणि पैसे त्या ठेवीतून कापायचे.

व्यवहारात दोन ठिकाणी पाणी मुरतं. एक, मुदत चालू असलेल्या रस्त्याचे खड्डेही वार्षिक देखभालीच्या पैशातून, म्हणजे आपल्याच पैशातून, बुजवले जातात. ठेकेदाराला तोशीस नाही, आणि बिल दोनदा निघतं. दोन, मधल्या काळात कुणीतरी चर खोदतं आणि ठेकेदार म्हणतो, ‘आता माझी जबाबदारी संपली.’ पूर्ण रस्त्याची जबाबदारी अशी एका चराने संपत नाही. वाद फार तर त्या चराच्या तुकड्यापुरता. म्हणून चर कुठल्या किलोमीटरला आणि कुठल्या तारखेला खोदला, याची नोंद ठेवणं तक्रारदाराच्याच फायद्याचं.

अर्ज कसा लिहायचा

पानभर कैफियतीची गरज नाही. नमुना असा:

‘प्रजिमा ५१, किमी १२/४०० ते १२/६००, डावी बाजू, मोरीच्या अलीकडे. ६ खड्डे. सर्वांत मोठा अंदाजे १५० × ९० सेंमी, खोली १२ सेंमी. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, त्यामुळे पाणी साचते. फोटो ४, दिनांकासह. हा तुकडा दोष दायित्व कालावधीत आहे किंवा कसे ते कळवावे, असल्यास ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी. रस्ता आपल्या ताब्यात नसल्यास ताबेदार कार्यालयाचे नाव लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. तोंडी ‘आमच्याकडे नाही’ म्हणणारा लेखी लिहून देताना दहादा नकाशा बघतो. खोली मोजायची तर खड्ड्यावर आडवी काठी ठेवून तिच्यापासून खाली पट्टी धरावी, नुसती पट्टी खड्ड्यात उभी केलेला फोटो काही दाखवत नाही.

अर्ज थेट कार्यकारी अभियंत्याला, प्रत उपअभियंत्याला. प्रत्यक्ष काम शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता बघतो, त्यामुळे त्याला फोटो पाठवून ठेवणं शहाणपणाचं. आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार केली तरी हाच मजकूर टाकावा. मुंबईत १९१६ हा क्रमांक आहे.

कार्यालय दाद देत नसेल तर माहिती अधिकार. राज्याच्या कार्यालयासाठी नमुना ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. केंद्राच्या कार्यालयाला, म्हणजे महामार्ग प्राधिकरणाला, कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन शुल्क लागतं. उत्तर ३० दिवसांत. ‘खड्डे का पडले’ असं विचारू नये, माहिती अधिकारी कारणं द्यायला बांधील नसतो. कागद मागावेत: कार्यारंभ आदेश, काम पूर्णत्वाचा दाखला, दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख, मोजमाप पुस्तिकेची त्या किलोमीटरची पानं, आणि सुरक्षा ठेव परत केली असल्यास तो आदेश. रस्ता दुसऱ्याकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करावा लागतो, म्हणजे ताबेदार शोधायचं काम कार्यालयच करून देतं. कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. हा अधिकार फार थोडे लोक वापरतात, पण डांबराची जाडी मोजण्याइतकं बोलकं दुसरं काही नसतं.

रस्ता जीवघेणा झाला असेल आणि कुणीच हलत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अर्ज करता येतो.

बुजवला, पण कसा?

दुरुस्ती झाली की तक्रार आपोआप ‘निकाली’ निघते, म्हणून काम बघूनच संमती द्यावी. खड्डा चौकोनी कापून कडा उभ्या केलेल्या असाव्यात. ओबडधोबड कडांवर पातळ होत गेलेलं डांबर आठवडाभरात उखडतं. आतली धूळ आणि चिखल काढून कोरडं करून चिकट डांबराचा हात, म्हणजे टॅक कोट, तळाला आणि कडांनाही मारलेला असावा. खोल खड्डा एकाच वेळी न भरता थराथराने भरून दाबलेला असावा, आणि शेवटी पृष्ठभाग किंचित उंच, कारण वाहतुकीने तो बसतो. भर पावसात गरम डांबर धरत नाही. तेव्हा थंड मिश्रण किंवा पेव्हर ब्लॉक ही तात्पुरती मलमपट्टी समजावी आणि पावसाळ्यानंतरच्या पक्क्या कामाची तारीख लेखी घ्यावी. मुरूम टाकून गेलेल्या कामाला तर दुरुस्ती म्हणूच नये.

खड्डा पुन्हा त्याच जागी पडत असेल तर दोष बहुधा पाण्याचा. सात मीटर रुंद रस्त्याला अडीच टक्के उतार दिला की मध्यभाग कडेपेक्षा जवळजवळ नऊ सेंटीमीटर उंच राहतो आणि पाणी निघून जातं. साइडपट्टीवर माती साचून ती रस्त्याच्या वर आली, किंवा मोरी तुंबली, की पाणी डांबराखाली शिरतं. साइडपट्टी तासणं आणि मोरी साफ करणं हे त्याच ताबेदाराचं काम, म्हणून वरच्या नमुन्यात त्याचा उल्लेख आहे.

अपघात झाला असेल तर

मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खड्ड्यांवर स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. चांगले रस्ते हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात ठरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने भरपाईचे आकडे घालून दिले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. लक्षात आणून दिलेला खड्डा ४८ तासांत बुजवला गेला पाहिजे, असंही त्यात आहे. पोचपावतीची तारीख जपायची ती यासाठी.

दावा ठरवायला समिती आहे. महापालिका क्षेत्रात आयुक्त, नगरपरिषदेत मुख्याधिकारी, इतर यंत्रणांत त्यांचे प्रमुख, आणि प्रत्येक ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. रस्ता कुणाचा हे इथे पुन्हा निर्णायक ठरतं, कारण समिती त्यावरून बदलते. ताबेदार कोण हे नक्की नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात असलेल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं, सचिव सगळ्याच समित्यांवर असतात. सोबत हवेत ते पोलिसांतली नोंद, रुग्णालयाचे कागद, आणि खड्ड्याचा फोटो. फोटो त्याच दिवशी काढलेला हवा, अपघातानंतर खड्डे आश्चर्यकारक वेगाने बुजतात. पोलिसांच्या नोंदीत ‘वाहन घसरून’ एवढंच लिहिलं जातं, तिथे ‘खड्ड्यात आदळून’ आणि जागेचा किलोमीटर किंवा जवळची खूण लिहून घ्यावी. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत भरपाई द्यायची आहे, उशीर झाल्यास नऊ टक्के व्याजासह. यंत्रणेने आधी पैसे द्यायचे आणि नंतर दोषी ठेकेदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायचे.

याखेरीज मोटार वाहन अधिनियमाचं कलम १९८-अ आहे, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं. रस्त्याचं आरेखन, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार किंवा सवलतदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दिवाणी दावा करायचा असेल तर आधी नोटीस लागते. सरकारी खात्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची. महापालिकांच्या कायद्यांत नोटिशीची मुदत वेगळी आहे आणि दावा करायची मुदतही कमी, त्यामुळे शहरातल्या अपघातात वकिलाकडे लवकर गेलेलं बरं.